बोल्टाखालचा काळा रंग

आमच्या गाडीत मागे बिछाना आहे, गॅसची शेगडी आहे आणि एक छोटा फ्रिज आहे. जुना टेम्पो घेऊन मी तो निवृत्तीनंतर स्वतःच्या हातानं सजवला. पण सगळा जीव त्या फ्रिजात होता. बायकोला इन्सुलिन सुरू झालं तेव्हापासून तिनं प्रवासाचं नावच टाकलं होतं. लोकांच्या घरी "हे जरा फ्रिजमध्ये ठेवता का?" असं विचारायला तिला नको वाटे. "तुझं औषध गार ठेवायची जबाबदारी माझी," असं मी छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा कुठे ती पेणहून निघाली.

अलिबाग मागे टाकून रेवदंड्याजवळच्या एका नारळीच्या वाडीत मुक्काम केला. फ्रिज मागच्या बॅटरीवर चालतो आणि गाडी पळताना ती बॅटरी भरते, अशी रचना. पण एवढी गाडी पळूनही बॅटरीच्या मीटरवरचा आकडा निघतानापेक्षा खालीच होता.

"भरतेय ना?" बायकोनं विचारलं.

"भरतेय गं. नवीन आहे, वेळ लागतो."

मी धडधडीत खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर तिनं गाडी माघारी वळवायला लावली असती आणि पुन्हा कधी ती गाडीत बसली नसती, याची मला भीती वाटत होती.

पुढचे दोन दिवस मासळीच्या निमित्तानं मी सकाळी बाजारात चक्कर मारत होतो, तीही मुद्दाम लांबच्या रस्त्यानं. बायको सोबत असे. मासळीवालीकडून ती जरा जास्तच बर्फ मागून घेई. परतल्यावर मी गाडीखाली आडवा. फ्यूज शाबूत, वायरी शाबूत. इंजिन चालू करून लाल वायर आणि गाडीचा पत्रा यांच्यात मोजलं तर चौदा व्होल्ट, आणि बॅटरीच्याच दोन टोकांवर मोजलं तर बाराहूनही कमी. डोकं भणभणून जाई. वर येऊन चहा मागितला की ती ताजा करून देई. बाजूला थर्मास भरलेला असताना पुन्हा चहा कशाला टाकते, असं मनात येई, पण फुकटचा ताजा चहा कोण सोडतो?

तिसऱ्या दिवशी दुपारी फ्रिजवर तेरा अंश दिसले. मी टायरला लाथ मारली, पाय दुखावून घेतला आणि शेवटी थोरल्या भावाला फोन लावला. तो ट्रकच्या धंद्यात आहे. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "खालून रंग कवा मारलास?"

"निघायच्या आधी. दोन हात."

आमचा बाप मिठागरावर राबला. मिठाच्या शेजारी लोखंड उघडं ठेवायचं नाही, हा त्याचा कायदा. दर हंगामाआधी आम्ही भावंडं दिसेल त्या लोखंडाला काळा रंग फासायचो, बिजागऱ्यासुद्धा सोडायचो नाही. समुद्राकाठी जायचं म्हणून मीही गाडीचं पोट तसंच रंगवलं होतं.

"बोल्ट काढून रंगवलास?"

"हो तर. बोल्टाखालीसुद्धा नीट लावला."

पलीकडे तो हसतच सुटला. "अरं, बॅटरीची काली वायर त्याच बोल्टाखाली हाय ना? मंग करंट परत येल कुठून, रंगातून? बाबा असता तर तुला शाबासकी दिली असती बघ!"

मासळीची सुरी घेऊन मी गाडीखाली शिरलो. रंग खरवडून पांढरं लोखंड काढलं. ते तसं उघडं ठेवताना हात खरोखर कचरत होता. वायर घट्ट आवळली, वरून ग्रीस लावलं आणि इंजिन सुरू केलं. बॅटरीच्या टोकांवर चौदा! तासाभराची फेरी मारून आलो तेव्हा फ्रिज गुणगुणत होता. आकडा सहावर आला होता.

मग मला राहवलं नाही. "एक सांगायचंय. तीन दिवस बॅटरी भरतच नव्हती. तुझं इन्सुलिन..."

तिनं थर्मास उघडून दाखवला. आत गार पाणी, त्यात बर्फाचे तुकडे आणि प्लास्टिकच्या डबीत रुमालात गुंडाळलेल्या तिच्या बाटल्या.

"पहिल्याच संध्याकाळी काढून घेतल्या," ती म्हणाली. "फ्रिजला हात लावला की कळतं हो."

"मग परत जाऊ या, असं का म्हणाली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

मला लाज वाटली, आणि तिच्याविषयी इतकी माया दाटून आली की मी नुसताच फ्रिजचं दार उघडून उभा राहिलो. "आता ठेव ना आत. सहावर आलाय."

तिनं आत डोकावून आकडा पाहिला. मग थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"आज राहू दे," ती म्हणाली. "उद्या बघू."