उलटा घातलेला कोट

तिला सगळे टाचणीबाई म्हणत. तोंडात सदा चार टाचण्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून. शिवणकामावर दोन मुली वाढवल्या, नवऱ्याची बस चालवण्याची नोकरी सुटली तेव्हा घरही ओढलं, आणि कुणाकडून दोऱ्याचं रीळसुद्धा उसनं घेतलं नाही. हे मी चौदा वर्षं शेजारच्या खुर्चीवरून पाहिलंय.

ती खुर्ची मदतसंस्थेच्या केंद्रातली. आगीत, पुरात ज्यांचं घर गेलं त्यांना आम्ही कपडे-पांघरुणं पोचवतो. देणारे पिशव्या भरभरून देतात. त्यात बटणं तुटलेले, चेन अडकलेले, काखेत उसवलेले कपडेही असतात. निवडायचं काम माझं. मी निवृत्त मास्तरीण, वेगळं काढून ठेवणं अंगात मुरलेलं. दुरुस्ती तिची. गुरुवार तिने संस्थेला दिलेला. त्या दिवशी गिऱ्हाईक दारात आलं तरी परत पाठवी.

"हँगरवर सगळेच कपडे शहाण्यासारखे वागतात," ती म्हणायची. म्हणून प्रत्येक कोट ती आधी स्वतःच्या अंगावर चढवी, तोही उलटा. अस्तर कुठे ओढतंय, शिवण कुठे सुटलीय ते लगेच कळतं, आणि तिथल्या तिथे टाचणी लावता येते.

असाच एक राखी कोट तिने उलटा घातला होता. अस्तर लोंबतंय, दोरे लटकताहेत, ओठ टाचण्यांवर घट्ट मिटलेले. आमच्या कार्यवाहांनी मोबाइल उचलला. "काकू, इकडे बघा जरा." तिने पाहिलं. एवढंच.

महिन्याभराने देणगीदारांसाठी पत्रक निघालं. पहिल्याच पानावर ती. अंगावर चिंध्या, ओठ दाबून रडू आवरणारी. खाली मजकूर: 'या माउलीला जगात कुणी नाही. तुमच्या एका कोटाने तिला ऊब मिळाली.'

तो मजकूर मी तपासला होता. माझ्याकडे आला तेव्हा फोटोच्या जागी नुसती रिकामी चौकट होती. कोणती माउली, हे मी विचारलं नाही. दर वर्षी एक माउली असतेच; मी स्वल्पविराम बघते.

गुरुवारी ती पत्रक घेऊन आली. तोंडात टाचण्या नव्हत्या. मी घाबरले ती त्यामुळेच.

"जावयाच्या ऑफिसात वाटलं हे," ती कार्यवाहांना म्हणाली. "लेक फोनवर रडली. म्हणे, आई, एवढी ओढाताण होती तर मला सांगायचंस, संस्थेच्या दारात कशाला गेलीस? मी म्हटलं, अगं, मी तिथे काम करते. तर म्हणाली, 'हो, ते तू नेहमीच सांगतेस.'"

नवरा मागे उभा होता. "मला तर छापूनच मारलंय," तो म्हणाला. "जगात कुणी नाही म्हणे! मग सकाळी चहात साखर कमी म्हणून भांडलं कोण?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती हसली नाही.

"काकू, नाव कुठे छापलंय?" कार्यवाह म्हणाले. "आणि बघा तरी, या फोटोमुळे किती पांघरुणं आलीत! मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही."

"येऊ देत. पांघरुणांशी माझं भांडण नाही. सगळ्यांना एक ओळ कळवा. ही आमची शिंपीण, चौदा वर्षं इथे फुकट काम करते. लेकीला दाखवायला तेवढं पुरे."

"समितीपुढे ठेवतो."

समितीत आम्ही पाच जण. कार्यवाह म्हणाले, "फोटो खोटा होता असं कळवलं की देणारे हात आखडतील. मग घर जळलेल्यांना काय सांगायचं?" ओळ पाठवावी म्हणणारे दोन हात वर झाले. तिसरा माझा हवा होता. मी चष्मा पुसत बसले. मला ती भरलेली खोली दिसत होती, आणि मजकूर कुणी तपासला हा प्रश्न निघू नये असंही वाटत होतं. कशाचं पारडं जड होतं, ते आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पुढच्या गुरुवारी ती आली. वाटपाचा दिवस होता. रांगेतल्या एका बाईला नेमका तोच राखी कोट मिळाला, बाह्या लांब. टाचणीबाई बाही दुमडून टाचण्या लावू लागली. कार्यवाहांनी मोबाइल उचलला. तिने तोंडातल्या टाचण्या तळहातावर घेतल्या आणि मध्ये उभी राहिली.

"आधी त्यांना विचारा."

कार्यवाह गोंधळले. "ताई, फोटोला हरकत नाही ना?"

"आहे," ती बाई म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी तुमच्या कागदावर मीच होते. तेव्हा नव्हतं विचारलंत."

तोही मजकूर मीच तपासला होता.

टाचणीबाईने दोन्ही बाह्या पुऱ्या केल्या, दोरा तोडला, स्वतःची कात्री पिशवीत टाकली. जाताना माझ्यापाशी थांबली.

"तुझा हात कुठे होता गं?"

"अगं, एवढ्या पांघरुणांचा प्रश्न..."

"कोट उलटा होता, हे समितीत कार्यवाहांखेरीज तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले, निमित्ताला ब्लाउजचं कापड घेऊन. दाराजवळच्या खुंटीवर नवाकोरा कोट टांगलेला, किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेला. लेकीने पाठवला असणार.

"अगं, तुझी मास्तरीण आलीय!" नवऱ्याने आत हाक मारली.

"या बाई," ती म्हणाली. चौदा वर्षं 'आलीस का गं' ऐकत आले होते.

तिने टेप काढून खांदा, बाही, उंची मापली, आकडे वहीत लिहिले. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने टाचण्या ओठांत धरल्या.

"कधी येऊ न्यायला?" शेवटी मी एवढंच विचारलं.

ओठांच्या कोपऱ्यातून ती म्हणाली, "गुरुवारी."