आधी गोळी, मग आजार

उंदरांवर संशोधन म्हटलं की लोकांचा चेहरा देवळात गेल्यासारखा होतो. माझा होत नाही. मी त्या उंदरांची घाण काढली आहे, त्यांना मानेला धरून उचललं आहे, मेलेले पोत्यात भरले आहेत. संशोधन काय असते ते मले विचारा.

भिलाई मध्यप्रदेशात होती तेव्हाची गोष्ट. दुर्गकडच्या रस्त्याला औषधांचं एक कॉलेज होतं, त्याच्या मागे टिनाच्या छपराची लांब खोली. खोलीवर इंग्रजी पाटी होती. आम्ही चूहाघर म्हणायचो. भंडाऱ्याकडून आलेले आमचे सगळे लोक पोलादाच्या कारखान्यात चिकटले. मी डॉक्टरी तपासणीत छातीवरून नापास झालो, म्हणून उंदरं नशिबी आली. शिक्षण चौथी. बायको शेजारणींना सांगायची, "आमच्या घरचे सायन्समधी हायेत," आणि पदर तोंडाला लावून हसायची.

तिले साखरेचा आजार होता. रोज जेवणासोबत एक पांढरी गोळी घ्यायची. ती गोळी लक्षात ठेवा, सगळं तिच्यावरच आहे.

कॉलेजात एक सर होते, रायपूरच्या जुन्या मराठी घरातले. वय तिशीचं, खिशात चार पेनं, लिहायचे एकानंच. त्यांना डॉक्टरेट पाहिजे होती. त्यांच्या डोक्यात आलं की ही साखरेची गोळी रक्त नासण्यावर चालते का ते उंदरांवर बघावं. रक्त नासणं म्हणजे जखमेची घाण रक्तात उतरून अंगभर पसरते ते. सर त्याले सेप्सिस म्हणायचे.

काम असं. तीन दिवस मी उंदराच्या मानेची कातडी धरायची, सरांनी गोळी पाण्यात वाटून बोथट वाकड्या सुईनं त्याच्या घशाखाली सोडायची. चौथ्या दिवशी भूल देऊन पोट उघडायचं, आतड्याला भोक पाडायचं आणि शिवून टाकायचं. पुढचं आतड्यातली घाण पाहून घेते. अर्ध्या उंदरांना गोळी, अर्ध्यांना नुसतं पाणी. पाणीवाल्यांना सर कंट्रोल म्हणायचे. मी मरणारे म्हणायचो, आणि मीच बरोबर निघालो. पाणीवाले पटापट गेले. गोळीवाले बरेचसे पोट शिवल्याच्या तिसऱ्या दिवशीही भुशात तोंड खुपसून खात होते.

सर लहान पोरासारखे नाचले. सिविक सेंटरच्या बाजारातून पेढे आणले. "भाऊ, आज इतिहास झाला!"

"इतिहास झाला तर पिंजरे कोण धुणार, सर?"

"तुम्हीच."

माझ्या वाटचा पेढा मी घरी नेला आणि बायकोले सगळं सांगितलं.

"अवो, माह्याच गोळ्या का?"

"तुह्याच. तीच गोळी, तेच नाव."

"म्हंजे माह्यात अन् उंदरात एक पेढ्याचा फरक. त्याले चालते, मले नाही." असं म्हणून तिनं अर्धा तोडून खाल्लाच.

पुढच्या उन्हाळ्यात नवी चप्पल तिच्या अंगठ्याले चावली. साखरेनं तिचे तळपाय बधिर झाले होते, तिले कळलंच नाही. कळलं तेव्हा हळद भरून फडकं बांधलं आणि मले दाखवलं नाही. मी पाहिलं तोवर अंगठा काळा पडला होता.

"कावून नाही सांगितलं?"

"सांगून काय? तुमची उंदरं सोडून आले असते का?"

दवाखान्यात नेलं त्याच दिवशी ताप चढला, ती बरळायला लागली. वॉर्डात एक डॉक्टरीण होती, हिंदी बोलणारी, थकलेली, सभ्य बाई. म्हणाली, "घाव का ज़हर खून में चला गया है, भैया. सेप्सिस बोलते हैं इसको."

मी म्हटलं, "मालूम है."

अख्ख्या वॉर्डात तो शब्द माहीत असलेला नातेवाईक मी एकटाच. त्याचा मले गर्व वाटला. बायको समोर जळून राहिली आणि मी गर्व करून राहिलो. आज आठवलं की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटते.

मग डॉक्टरीण म्हणाली की साखरेची गोळी आजपासून बंद, साखर इंजेक्शननं सांभाळू. मी विचारलं कावून. तिनं नीट समजावलं. या अवस्थेत किडनी काम करत नाही, गोळी अंगात साचते, रक्तात आम्ल वाढवते, धोका होतो. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बाई, तू पुस्तकं वाचली, मी मेलेले उचलले. जी गोळी माझ्या डोळ्यांदेखत उंदरं जगवून गेली ती तू माझ्या बायकोची तोडते?

घरून गोळ्यांची पट्टी खिशात घालून आणली. सकाळी नर्सांची पाळी बदलते तेव्हा पंधरा-वीस मिनिटं कोणाचं लक्ष नसते. तेवढ्यात गोळी चमच्यानं चुरली, पाण्यात कालवली, एका हातानं तिची मान मागून धरली, गालाच्या कोपऱ्यातून थेंब थेंब सोडलं आणि गळ्यावरून अंगठा फिरवला. असं केलं की उतरते. इतक्या वर्षांचा हात होता.

दुसऱ्या सकाळी ती थोडी शुद्धीवर होती. डोळे उघडून म्हणाली, "मले उंदीर समजले का वो?"

"चूप. पी."

"कडू हाय."

"कडूच असते. पी."

प्याली. माझं ऐकायची सवय तिले नव्हती, त्या दिवशी मात्र ऐकलं.

डॉक्टरणीनं विचारलं होतं, "बाहर का कुछ दे तो नहीं रहे?" मी म्हटलं, "नहीं मॅडम." तीन सकाळी दिली. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

तेरवी करून कामावर आलो. सर येऊन खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मले हात नको होता.

"सर, एक विचारतो. आपण गोळी आधी दिली होती का मागून?"

"कशाच्या आधी?"

"पोट फाडायच्या."

"आधी. तीन दिवस आधीपासून. तुम्हीच तर धरत होता."

मीच धरत होतो. आधी गोळी, मग आजार. जगात कोणता माणूस असा आजारी पडतो? मरण येणार म्हणून तीन दिवस आधी कोणी कोणाले कळवते का? एवढी मोठी गोष्ट माझ्या हातातून रोज गेली आणि चौथी शिकलेल्या डोक्यात शिरली नाही. त्यांच्या शिकलेल्या डोक्यातही शिरली नव्हती.

"आणि आजार झाल्यावर दिली तर?"

"ते आपण पाहिलं नाही."

"माही बायको तर वर्षानुवर्षं घेत होती. मंग तुमच्या उंदरांवरून ती जगायले पाहिजे होती."

"भाऊ, उंदीर वेगळा, माणूस वेगळा."

"हे पेढे वाटताना कावून नाही सांगितलं?"

सरांनी चष्मा पुसला. पुसायसारखा काही नव्हता तो.

काही महिन्यांनी त्यांचे मोठे सर, ज्यांच्या हाताखाली ते डॉक्टरेट करत होते, नागपूरहून आले आणि त्यांनी हेच विचारलं: आजारानंतर गोळी दिली तर काय? मी विचारलं तेव्हा ती दुःखात असलेल्या माणसाची बडबड होती. मोठ्या सरांनी विचारलं तर तो शास्त्राचा प्रश्न झाला. नवे उंदीर मागवले. आता आधी आतड्याला भोक, मग गोळी. सर म्हणाले, तुम्हाला नको असेल तर दुसऱ्याला सांगतो. मी म्हटलं, मीच धरीन. दुसऱ्याच्या हातावर माझा भरवसा नव्हता, आणि मले माहीत करायचं होतं. गोळीवाले जास्त मेले तर मी तिले मारलं. कमी मेले तर हात तरी बरोबर होता.

शेवटच्या दिवशी मी पिंजऱ्यांसमोर उभा राहून सरांच्या तोंडाकडे पाहत होतो. सरांनी वही मिटली.

"वाया गेलं, भाऊ. काहीच फरक नाही."

"जास्त नाही मेले?"

"जास्त नाही, कमी नाही. असला निकाल कोणी छापत नाही."

ज्या निकालासाठी माझा जीव टांगला होता तो कागदावर चढायच्याही लायकीचा नव्हता! मले हसू आलं. सर विचारायला लागले काय झालं, आणि मी सांगून टाकलं. पट्टी, चमचा, तीन सकाळी, सगळं. जे कोणाले सांगितलं नव्हतं ते त्या पिंजऱ्यांच्या वासात सांगितलं.

सरांनी ऐकलं. आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. पेन काढलं त्या माणसानं.

"रोज किती? अख्खी गोळी?"

मारावंसं वाटलं. पण सांगितलं. इतक्या दिवसांत नेमकं विचारणारा तोच पहिला होता. "अख्खी. एक वेळा. अर्धी तर चमच्यालेच चिकटायची. वजन असंल पन्नास किलो."

वहीच्या मागच्या पानावर त्यांनी काहीतरी मांडलं, खोडलं, परत मांडलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "एवढ्यानं काही झालं नसतं. चांगलं नाही, वाईटही नाही. अंगठा फार उशिरा दाखवला त्यांनी."

हिशोब करून म्हणाले का माझी दया येऊन, ते मी विचारलं नाही. त्या माणसाच्या एकाही कागदावर माझा भरवसा नाही, तेव्हाही नव्हता. पण त्याच्या त्या एका बोलण्यावर मी इतकी वर्षं जेवून राहिलो, झोपून राहिलो.