सुमनचं लग्न

बांगड्यावाल्या मावशींच्या हातून अर्धी गोष्ट ऐकून कुणी बाई सुटल्याचं मला आठवत नाही. ताडकळसच्या बाजारात त्या एका हाताला बांगड्या भरायच्या, थांबायच्या आणि पेपरातली माझी रविवारची क्रमशः कथा मोठ्यानं वाचायला घ्यायच्या. दुसरा हात मोकळा ठेवून उठणार कोण?

माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी थेट विचारलं, "दादा, सुमनचं अन् वसंताचं लगीन कवा लावायलाव?"

मी मोठ्या लेखकाच्या थाटात म्हणालो, "मावशी, पात्रं आपल्या वाटेनं जातात. माझ्या हातात काही नसतं."

"पोरं वाटंनं जायलीत अन् तुमी बाप असून नुसतं बघायलाव?"

सुमन नर्स होऊन एकटीच शहरात जाते, हे वळण मला फार खरं वाटत होतं. त्याप्रमाणे एका रविवारी मी तिला एसटीत बसवलं. पुढच्या बाजारात एका मेंढपाळ बाईनं माझ्या हातावर गूळ ठेवला. "लगीन लय झ्याक लावलंत, दादा."

मी तडक मावशींकडे गेलो. त्यांना लाजबिज काही नव्हतं. "तुमचं वाचलं की. मनात वाचलं. मोठ्यानं ह्ये वाचलं."

"पण खाली नाव माझं आहे!"

"मंग? बाया दुवा तुमालाच द्यायल्यात."

मी गिऱ्हाइकांसमोर त्यांच्यावर ओरडलो. माझी गोष्ट पुन्हा वाचायची नाही, असं बजावलं. "बरं," म्हणून त्यांनी पेपराची घडी घातली. त्यांचा तो पडलेला चेहरा मला अजून छळतो. मी बाजाराला जायचंच सोडलं.

उन्हाळ्यात मावशी वारल्या. खबर कळल्यावर गेलो, तर त्यांच्या जागी सून बसलेली. तिला वाचता येत नव्हतं. मला बघताच बाया सरकून जवळ आल्या. "दादा, सुमनला नववा लागला व्हता. सुटली का पोरगी?"

म्हणजे मावशींनी वाचन एक बाजारही थांबवलं नव्हतं!

ताजा पेपर माझ्याकडे होता. त्यात सुमन वसतिगृहाच्या खोलीत एकटीच जेवत होती. मी घसा साफ केला आणि वाचलं, "सुमनला मुलगी झाली."

"नाव काय ठिवलं?"

मी छापील ओळीवर बोट ठेवलं आणि मावशींचं नाव वाचलं.