मंगळाची गाडी मीटर गेजवर

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी बंगळूरच्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळीला हस्तलिखित अंक निघे. त्यात आपली एक गोष्ट यावी, एवढीच माझी इच्छा होती. दोन वर्षे गोष्टी परत आल्या होत्या. तिसऱ्या वर्षी मी विज्ञानकथा लिहिली : सिटी स्टेशनातून, म्हैसूरची गाडी लागते त्या फलाटावरून, मंगळाला रॉकेट सुटते.

अंकाच्या समितीत तिघे होते, तिघेही सरकारी कारखान्यांतले इंजिनियर. रविवारी सकाळी अध्यक्षांच्या घरी गोष्टीचे वाचन झाले. रॉकेट प्रकाशाच्या दुप्पट वेगाने जाते, यावर कोणी काही बोलले नाही.

"रॉकेट रुळांवरून आणलंत ना?" अध्यक्षांनी विचारले.

"हो. फलाटापर्यंत."

"ती लाइन मीटर गेज, अरुंद रुळांची. एवढं धूड तिच्यावर? उलटेल की हो."

"मद्रासच्या फलाटावर न्या," दुसरे म्हणाले. "तिथे ब्रॉड गेज आहे, रूळ रुंद."

"आणि पुण्याहून येणारे तुमचे प्रवासी उतरणार मीटर गेजवर," तिसरे म्हणाले. "त्यांच्या ट्रंका पुलावरून कोण नेणार? मंगळावरचे लोक?"

एवढे दुरुस्त केले तर गोष्ट घेऊ, असे ठरले. मर्यादा आठ पानांची.

मी रॉकेट हलवले. पूल घातला, दोन हमाल घातले, लोणच्याची बरणी सांभाळत जिना उतरणारी एक बाई घातली. पाने अकरा झाली. कचेरीत बातमी लांबली की ती शेवटून कापायची, कारण महत्त्वाचे सगळे वर असते. हाताला तेच वळण. मी शेवटची तीन पाने काढली आणि गोष्ट देऊन आलो. उड्डाण आणि मंगळ त्या तीन पानांत होते, हे अंक हातात पडल्यावर लक्षात आले.

समितीने गोष्ट पहिली लावली होती. वर 'अभ्यासपूर्ण' असा शेरा होता. खुलासा करावा म्हणून मी अध्यक्षांकडे निघालो, तर दारात घरमालकीणबाई अंक वाचत बसलेल्या. त्यांचे घराणे मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळूरचे.

"रॉकेट सुटलंच नाही की हो, अण्णा."

"नाही, अक्का. राहिलं."

"गाड्यांना स्वल्प उशीर होतोच तिथं," त्या म्हणाल्या आणि पान उलटले.

मी चपला काढून पुन्हा आत आलो.