सलग दोन वर्षं

तो माझा सख्खा भाऊ. तरी सांगते, कारण आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

माझी वहिनी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येतात, त्यांवर ती मेण चढवून एकेक दात बसवते. एका मंगळवारी कामावरून घरी आली, तर कपाटातले त्याचे दोन्ही कप्पे रिकामे. साहेब दुसऱ्या बाईकडे राहायला गेले होते.

वकीलबाई म्हणाल्या, "दुसऱ्या बाईचं कोर्टात सिद्ध करणं अवघड. टाकून गेला म्हणून घटस्फोट मिळेल. पण त्याला सलग दोन वर्षं व्हायला हवीत."

"आणि मारलं असतं तर?"

"तर लगेच अर्ज करता आला असता."

"म्हणजे दात पाडायला हवे होते त्याने," वहिनी म्हणाली. "माझे मीच बसवले असते."

तेविसाव्या महिन्यात हा दारात उभा. "चुकलो," म्हणाला. वहिनीने घरात घेतलं. तीन दिवस आयतं जेवला, शर्ट इस्त्री करून घेतले आणि चौथ्या सकाळी पसार.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "आता मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

"दार लावून घेतलं असतं तर?"

"तर तो म्हणाला असता, बायकोच घरात घेत नाही."

वहिनीने पुन्हा दिवस मोजायला घेतले. बाविसाव्या महिन्यात बेल वाजली, तेव्हा नशिबाने मी तिच्याकडे होते. दार मीच उघडलं.

"किती दिवस मुक्काम?" मी विचारलं.

"परवा जातो," तो दात विचकत म्हणाला. "वकिलाने सांगितलंय, अधूनमधून तोंड दाखवत जा. सुटू कशाला द्यायचं तिला?"

त्याला दोन्ही घरं हवी होती. आणि बहीण आपल्याच बाजूची, असं तो धरून चालला होता. मी त्याच्या तोंडावर दार आपटलं.

दोन वर्षं भरली तशी वहिनीने अर्ज केला. कोर्टात त्याच्या वकिलाने मला विचारलं, "सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष देताय?"

"हो. त्याला पाळण्यापासून ओळखते."

न्यायाधीशांनी त्याचं येणं ढोंग ठरवलं. घटस्फोट मंजूर झाला. पण अपिलाच्या मुदतीचे तीन महिने अजून थांबायचं होतं.

इतकी वर्षं वहिनीचा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी भर व्हरांड्यात ती ओरडली, "तो गेला तेव्हा त्याला कुणी थांब म्हणालं? मलाच का सगळे थांब म्हणतात?"

लोक वळून बघायला लागले. बघू दे, म्हटलं.

त्याने अपील केलं नाही. तीन महिन्यांनी निकालाची प्रत घ्यायला आम्ही दोघी गेलो. खिडकीतला कारकून हसून म्हणाला, "सुटलात बाई एकदाच्या. खूश ना?"

"सही कुठे करायची तेवढं सांगा," वहिनी म्हणाली.