टेपताईच्या लेकीची सुबक वही

आमच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात, आणि कॉलर लावण्यात टेपताईचा हात धरणारं कोणी नाही. गळ्यातला टेप ती जेवतानाही काढत नाही, म्हणून हे नाव. खरं नाव हजेरीपटावर असेल. माझं मशीन तिच्या शेजारी. अठरा वर्षं तिची किरकिर माझ्याच कानाला, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क मी कमावलाय.

तिचं एक खूळ आहे. टाका चुकला की ती ब्लेडनं उसवते, सुईची भोकं नखानं घासून बुजवते आणि वर इस्त्री फिरवते. माल तपासणाऱ्या बाईलाही पत्ता लागत नाही. आमच्या कामात हे बरोबरच आहे, कारण उसवल्याची खूण दिसली की शर्ट परत येतो. पण या बयेनं तेच खूळ घरी नेलं, लेकीच्या वह्यांवर.

टेपताई स्वतः चौथीत शाळा सोडलेली. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. लेकीचं गणित बघणार कोण? मग रोज संध्याकाळी ही वह्या घेऊन बसायची आणि शिलाई तपासावी तशा तपासायची. खाडाखोड दिसली की पट्टी लावून पान फाडायचं, पुन्हा लिहायला लावायचं. सहावीपासून हेच. कधीमधी वही कारखान्यात आणून माझ्या नाकासमोर धरायची. "बघ, आहे कुठे डाग?" मीही मान डोलवायची. मला तरी काय कळत होतं, शहाणीला.

दहावीच्या सराव परीक्षेनंतर गणिताच्या बाईंनी शाळेत बोलावलं. एकटीनं जायचा धीर होईना, म्हणून हिनं मला ओढत नेलं. बाईंनी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. एक वही, लख्ख, मोत्यासारखं अक्षर. आणि एक उत्तरपत्रिका. तिच्यात समास आखलेला, प्रश्नांचे आकडे एकाखाली एक, सुरेख. पुढे काहीच नाही.

"बाकीचं कुठंय?" टेपताईनं पान उलटून पाहिलं.

"बाकीचं नाहीच," बाई म्हणाल्या. "ताई, या वहीत पाच महिन्यांत एक चूक नाही. शिकणाऱ्या मुलीच्या वहीत चूक नाही, म्हणजे गणितं तिनं केलेलीच नाहीत. फळ्यावरचं उतरवलंय, मैत्रिणीचं उतरवलंय. मी हे आधी ओळखायला हवं होतं, माझंही चुकलं. तीन आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे. त्यात पास झाली नाही, तर तिचा दहावीचा अर्ज पुढे जाणार नाही."

लेक दाराशी उभी होती. बाई तिच्याकडे वळल्या. "अगं, चुकलं तरी लिहायचं होतंस. पायऱ्यांचे तरी गुण दिले असते."

"पान खराब झालं असतं," ती म्हणाली.

टेपताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या डोक्यात काय घुमतंय ते मला ठाऊक होतं. कारखान्यात खिडकीजवळचं मशीन रिकामं आहे, आणि मागच्याच आठवड्यात सुपरवायझरनं तिला सहज विचारलं होतं, "तुमची मुलगी शिवते का?" तेव्हा ती त्याच्या अंगावर धावून गेली होती.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. लेक टेबलाशी, समोर बाईंनी दिलेलं एक गणित. टेपताई शेजारी उभी. "येईल तसं सोडव. चुकलं तर खोड," ती सांगत होती. अर्धा तास पेन कागदाला टेकेना. शेवटी हिचा पारा चढला.

"चूक कर म्हणतेय ना मी. हात जोडते तुला, पण काहीतरी लिही."

लेकीनं एक ओळ लिहिली. दुसरी लिहिली. तिसरी लिहून थांबली. कुठंतरी फसलंय हे तिला कळलं. तिनं वर पाहिलं, आईच्या तोंडाकडे नाही, हातांकडे. मग स्वतःच पट्टी उचलली, पानावर ठेवली आणि पान फाडलं. कागदाचा एक कपटाही मागे राहिला नाही. आईनं शिकवलं होतं अगदी तसं.

टेपताई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "माझ्या हातानं मी पोरीचं वाटोळं केलं गं," ती म्हणत राहिली. मी तिची समजूत काढायला हवी होती, पण खोटं बोलायला जीभ वळेना.

"केलंस," मी म्हणाले. "आणि मी मान डोलवली. आता ऊठ."

ती उठली. डब्यातून सुई काढली, हाताला लागला तो दोरा ओवला, लाल. फाडलेलं पान वहीत त्याच्या जागी धरलं आणि शिवायला घेतलं. सुई दोनदा बोटात गेली. अठरा वर्षांत एवढी बेंगरूळ शिलाई तिच्या हातून झालेली मी पाहिली नाही. टाके वेडेवाकडे, पान चुरगळलेलं, कडेला ही एवढी गाठ. वही तिनं लेकीपुढे सरकवली.

"हे पान आता खराबच आहे," ती म्हणाली. "लिही."

लेकीनं त्या गाठीवरून बोट फिरवलं. मग तिसरी ओळ खोडली. खाली नवी लिहिली, तीही खोडली. परत लिहिली. बरोबर की चूक, आम्हा दोघींना काय कळणार. लिहिता लिहिता तिनं पुन्हा आईच्या हातांकडे पाहिलं. टेपताई खुर्चीवर बसली होती आणि तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.