तुरटीचा लाल आणि लोखंडाचं पाणी

सोलापुरात रंगारी पुष्कळ. पण आमच्या घराला ओळखणारा एकही जण आत्याच्या आलवणाला हात लावेना. चौदाव्या वर्षापासून ती विधवेचं हे लाल लुगडं नेसत आलेली. लढाईमुळे कापड रेशनच्या कार्डावर, नवं मिळणं कठीण. जुन्याच दोन्ही लुगड्यांचा रंग बदलून घ्यायचं तिच्या मनानं घेतलं आणि सोबतीला मला धरलं. मी भित्रा; घरी देवदर्शनाला जातो म्हणून सांगितलं.

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं बोचकं उघडलं, आतलं लाल पाहिलं आणि लगेच गाठ मारून दिली. पुढे मोटार इतकी संथ चालली, की आम्ही थांबलोय आणि ज्वारीच वाहतेय असं वाटे. मध्येच आत्या म्हणाली, “करडई फुलली बघ.”

उमरग्याजवळच्या खेड्यात ओढ्याकाठी शरणप्पा रंगारी भेटले. अंगणभर वाफ, वाफेत पिवळी, तांबडी कापडं तरंगत असलेली. आपण जागे आहोत की नाही, मला कळेना. म्हाताऱ्यानं लुगड्याचा काठ चोळून पाहिला.

“तुरटीनं धरलाय रंग, अक्का. कापड फाटंल, लाल न्हाय सुटायचा. लोखंडाच्या पाण्यानं गर्द जांभळट व्हईल. पर लोखंड कापड खातंय. वरीसभर टिकंल, जादा न्हाय.”

“आत्या, राहू दे,” मी म्हणालो. फाटल्यावर तिला घरचे पुन्हा लालच नेसवणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“वर्ष पुष्कळ झालं,” आत्या म्हणाली. “घाला तुम्ही.”

गुळात आंबवलेल्या खिळ्यांचं ते पाणी शरणप्पांनी आधी जिभेवर घेऊन पाहिलं. लुगडं बुडवून वर काढलं, तसं ते वाऱ्यावर हळूहळू गडद होत गेलं. “कप्पु बंतु,” (काळं आलं) त्यांची बायको हलकेच म्हणाली. आत्या हसत होती. पहिलं वाळल्यावर ते नेसून तिनं अंगावरचंही दिलं.

घरी काका दारातच उभे होते. “रंग गेला वाटतं?”

“गेला नाही. मी बदलून आणला,” आत्या म्हणाली आणि आत गेली.

इतका लहान प्रवास मी पुन्हा केला नाही, आणि इतक्या लांबचाही. लुगडी दहा महिन्यांत विरली. कार्ड घेऊन काकाच कापडाच्या दुकानी निघाले. पायरी उतरून परत वर आले आणि आत्याला विचारलं, “कोणता रंग आणू?”